डायपरवरचं घरटं

दलदलीत सहलीला येणारी माणसं निसर्गाला काही ना काही देऊन जातात. बहुधा डायपर.

इथल्या होड्यांचं कंत्राट माझ्या मामाकडे आहे आणि पाण्यातला कचरा माझ्याकडे. "आज वनखात्याचे साहेब तपासणीला येणारेत," मामा सकाळीच म्हणाला. "एक कपटा जरी दिसला ना, होड्या बंद. मग तू घरी बसशील आणि तुझी आई मला फाडून खाईल."

मी लव्हाळ्यात उतरलो. कंबरभर चिखल. पाय हलवला की तळातून सडका वास बुडबुडत वर येतो आणि जळवा पाहुणचाराला हजर. तिथंच तो होता. पाणी पिऊन उशीएवढा फुगलेला, पिवळट, वापरलेला डायपर. त्यावर काड्यांचं घरटं आणि घरट्यात पाणकोंबडीची पाच अंडी.

"मामा, अंडी आहेत."

"डायपरमध्ये?" काठावरून मामा.

"डायपरवर."

"काढून टाक."

"पिल्लं मरतील. तूच ये काढायला."

मामाने नाकाला रुमाल लावला. तेच त्याचं उत्तर.

तेवढ्यात साहेबांची होडी आली. तिच्या लाटेनं डायपर लव्हाळ्यातून सुटला, कलंडायला लागला. मी दोन्ही हातांनी धरला. हाताला काय लागलं ते मी अजून घरी सांगितलेलं नाही. मला बघून पळालेली पाणकोंबडी परत आली, तिनं माझ्याकडे किळसून पाहिलं आणि अंड्यांवर बसली.

साहेबांनी दुर्बीण लावली. "तो काय धरून उभा आहे?"

"भाचा आहे माझा," मामा म्हणाला.

"हातात काय आहे, विचारतोय."

"घरटं, साहेब."

"वा. जवळ घ्या होडी, फोटो काढू."

मामाचा चेहरा डायपरच्या रंगाचा झाला. होडी दहा हातांवर आली आणि वास साहेबांपर्यंत पोचला. त्यांनी तोंड फिरवलं.

"हे काय आहे?"

"दलदल आहे, साहेब. नैसर्गिक."

"वळवा होडी." नाक चिमटीत धरूनच त्यांनी कागदावर लिहिलं: परिसर नैसर्गिक स्थितीत. सही केली आणि गेले.

"वाचलो," मामा म्हणाला. "सोड आता."

"सोडला तर बुडेल."

मामानं अंड्यांकडे पाहिलं. या पाण्यात त्यानं आजवर बोट बुडवलं नव्हतं. त्यानं चपला काढल्या, दोन बांबू उचलले आणि उतरला. पहिल्या पावलाला ओकला. दुसऱ्या पावलाला पाणकोंबडीनं त्याला टोचलं.

"बघितलंस?" मामा म्हणाला. "अगदी तुझ्या आईवर गेलीय." आणि डायपरच्या दोन्ही बाजूंना बांबू रोवायला लागला.