मधले दोन गठ्ठे

कॅम्प तीनमध्ये माझा आठ मशिनांचा कारखाना. आठशे जीन्सचा लॉट तयार होता आणि व्यापाऱ्याचा चेकर कल्पेश यायचा होता. तो सगळा माल बघत नाही. चाळीस पीस काढतो, त्यात खराब किती ते बघतो आणि त्यावरून आठशेचा अंदाज बांधतो. शेकडा पाच खराब चालतात. त्याहून जास्त निघाले तर लॉट परत आणि दिवाळीची ऑर्डर दुसऱ्याला.

माझ्याकडे खराब तीसच होते, म्हणजे बसत होते. पण माझा कुणावरच भरवसा नाही. नेमके तेच मेल्याच्या हाताला लागले तर? तो नेहमी वरचेच गठ्ठे घेतो. म्हणून वीस-वीसच्या दोन गठ्ठ्यांत पंधरा-पंधरा खराब भरले आणि ते नेहमीप्रमाणे थप्पीच्या मधोमध दडवले. सोबत फक्त चिमी होती, सहा वर्षं माझ्याकडे काम करणारी.

कल्पेशने वरचा एक गठ्ठा घेतला. मग थप्पी हलवून मधला ओढला.

"चाळिसात पंधरा, अंजनीताई! म्हणजे आठशेत तीनशे. ये क्या है?"

तिसाचे तीनशे झाले. खरा आकडा सांगायचा तर लबाडीही सांगावी लागणार. पण याला मधलाच गठ्ठा कसा सुचला? सकाळी चिमी टपरीवर त्याच्याशी हसून बोलत होती, ते आठवलं आणि माझं डोकं फिरलं.

तिला मागच्या खोलीत ओढलं. "तूच सांगितलंस ना त्याला?"

"पोरांची शपथ ताई, मी कोनाला कायपन नाय सांगितला."

"चोराच्या उलट्या बोंबा!"

ती डोळे पुसून तडक बाहेर गेली.

"कल्पेशभाऊ, सगला माल खोला. तीसच हायत. दोन गठ्ठ्यांत लपवलेत."

सगळा लॉट उघडला. तीसच निघाले.

"मिक्स ठेवले असते तर पास होता ना ताई," कल्पेश म्हणाला. "मागच्या तीन लॉटला वरती एक पण खराब पीस नाही. आठ मशिनं, आणि एक पण नाही? म्हणून आज मधला काढला."

लबाडीपायी लॉट परत, ऑर्डर गेली. चिमीने कात्री मशिनवर ठेवली आणि चपला घातल्या.

"सकाली नव्हता सांगितला, ताई," ती दारातून म्हणाली. "तुम्ही बोललात, तवा सांगितला."