आंदणात आलेली वीट

मित्रांनो, मी एक जुनी वीट आहे, पण भिंतीत कधी बसलेली नाही. भिंतीतल्या विटांचं बरं असतं. एकमेकींच्या अंगावर भार टाकून त्या निवांत राहतात. मला शेजारीण नाही. सगळी काळजी एकटीलाच करावी लागते, आणि काळजी करण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

माझा जन्म ढाणकीजवळच्या एका भट्टीत झाला. मला अगदी आत, जाळाशेजारी रचलं होतं. त्यामुळे मी जास्तच भाजले, एका अंगाने काळी पडले आणि माझा एक कोपरा वाकला. त्या वर्षी गावातला एक शेतकरी घरामागे न्हाणी बांधत होता. गवंड्याने मला हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि "हे कामाची नाही" म्हणून बाजूला फेकलं. ते मला फार लागलं. माझ्या बहिणी न्हाणीच्या भिंतीत चढल्या आणि मी घागरीखाली टेकण म्हणून पडून राहिले.

त्या घरात अपेक्षा नावाची मुलगी होती. तेव्हा ती आठवीत असेल. धावण्यात तिला शाळेत जोड नव्हती. एके दिवशी ती शाळेतून लवकर आली, दप्तर टाकलं आणि पोट धरून जमिनीवर आडवी झाली. तिची पाळी नुकतीच सुरू झाली होती. कपाळावर घाम, ओठ पांढरे. आई घाबरली. तिने घागर उचलली आणि मला ओढून काढलं. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर मला तापवलं, धोतराच्या जुन्या फडक्यात गुंडाळलं, उलट्या हाताने चटका पाहिला आणि लेकीच्या ओटीपोटावर ठेवलं.

जास्त भाजलेली वीट ऊब लवकर सोडत नाही. थोड्या वेळाने अपेक्षाची आवळलेली मूठ सुटली.

"आई, बरं वाटून राह्यलं," ती म्हणाली.

"या इटीत देव हाये वं बाई," आई म्हणाली.

मित्रांनो, गवंड्याने फेकलेल्या विटेला असं कुणी म्हटल्यावर तिला काय वाटलं असेल! त्या दिवसापासून घागरीखाली दुसरा दगड आला आणि मी चुलीशेजारी मानाने राहू लागले.

पण माझा आनंद फार टिकला नाही. दर महिन्याला तेच. एकदा तर तिची परीक्षा बुडाली. गावच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या. शेजारणी म्हणायच्या, "बाईच्या जातीले सहन कराच लागते, लगन झालं का बंद होते." मी तिच्या पोटावर असायचे, म्हणून मला कळायचं की हे साधं दुखणं नाही. आत काहीतरी पिळून निघतंय. पण विटेला कोण विचारतं?

पुढे अपेक्षाचं लग्न ठरलं. मुलगा मारेगावकडचा. अमर त्याचं नाव. घरची कपाशी आणि तूर, आणि मुलगा बोलायला मऊ. निघायच्या दिवशी अपेक्षाने मला हळूच ट्रंकेत ठेवलं, दोन साड्यांच्या मध्ये.

सासरी आंदण पाहायला बायका जमल्या. भांडी पाहून झाली, गादी दाबून झाली. मग तिच्या सासूबाईंनी, विमलताईंनी, ट्रंक उघडली. साडी उचलली आणि खाली मी!

"अवं, हे काय? सून काय घर बांधाले आली काय?" विमलताई म्हणाल्या आणि अंगणभर हशा पिकला.

अपेक्षाची मान खाली. "पोट दुखते तवा शेकाले लागते, आई."

"मंग आमच्या इथं इटी नाहीत काय? माहेरची इट घेऊन येनारी सून मी पयल्यांदा पाह्यली, बापा!"

विमलताई मनाने वाईट नव्हत्या. चेष्टा करायच्या, पण तिला त्रास व्हायचा तेव्हा मला चुलीवर त्याच ठेवायच्या.

त्या वर्षी अपेक्षा पोलीस भरतीची तयारी करत होती. अमर तिच्याबरोबर सडकेवर धावायला जायचा. मैदानी चाचणी तोंडावर आली आणि तिला दिवस गेले. दोघांनी दार लोटून पुष्कळ विचार केला. मी कोपऱ्यात होते, म्हणून ऐकलं.

"तुह्यं शरीर हाये. तू म्हनशीन तसं," अमर म्हणाला.

"मले लेकरू पाह्यजे, पन आत्ता नोको," ती म्हणाली.

मग ती दोघं शहरातल्या दवाखान्यात गेली आणि कायद्याने, वेळेत, डॉक्टरांच्या हातून तिने गर्भपात करून घेतला. घरी कुणाला सांगितलं नाही. पुढे चाचणीच्या दिवशीच तिचं पोट दुखायला लागलं, ती अर्ध्या मैदानात खाली बसली आणि भरतीही गेली.

त्यानंतर तिला मूल हवंसं झालं, तर राहीना. दुखणं मात्र वाढत गेलं. आता पाळी नसतानाही ती मला मागायची. शेवटी एकदाचे दिवस राहिले. रामरावांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, गावात पेढे वाटायचं ठरवलं होतं. पण तिसऱ्या महिन्यातच गर्भ गेला.

आदल्या दिवशी दुपारी मी तिच्या पोटावर होते. तिला कंबरेत कळा येत होत्या, म्हणून तिनेच मला तापवलं होतं.

विमलताई रडत होत्या. रडता रडता त्यांची नजर माझ्यावर गेली. "पोटावर निखारा ठेवते, मंग लेकरू राहीन कसं? या इटीनं खाल्लं माह्यं नातवंड!" त्यांनी मला उचललं आणि मागच्या अंगणात फेकलं.

मित्रांनो, फेकलं जाण्याची मला सवय होती. पण ते वाक्य माझ्यात जाऊन बसलं. खरंच का मी ते बाळ मारलं? जिला बरं वाटावं म्हणून मी जाळात बसत होते, तिच्याच बाळाला माझी ऊब बाधली का? कुटाराच्या, गुरांच्या भुश्याच्या, ढिगावर प्लॅस्टिक झाकलेलं होतं. ते उडू नये म्हणून मला त्यावर ठेवलं. उन्हात तापले की माझा जीव घाबरा व्हायचा. वाटायचं, नको ही ऊब.

यंदा तूर फुलावर असताना अपेक्षाला पुन्हा दिवस गेले. या वेळी कुणी पेढ्यांचं नाव काढलं नाही. सगळे दबकून चालत होते. आणि एके सकाळी ती कुटारामागे आली, अमरला हाक मारली आणि माझ्याजवळ मटकन बसली.

"डाग दिसून राह्यले," ती म्हणाली. "मांगच्या वेळेसारखंच."

अमरचा चेहरा उतरला. "आजच यवतमाळले जाऊ. मोठ्या डॉक्टरीनकडे."

"आई येतीन संगं. मॅडम इचारतीन, याच्या आंधी काय झालं. मी काय सांगू? ते पयलं पाडलं म्हनूनच हे होऊन राह्यलं. मले माहीत हाये." "खरं सांगतलं तं आई मले घरात ठेवनार नाहीत. नाही सांगतलं तं हेही जाईन."

अमरने तिला हाताला धरून उठवलं. इतके दिवस मी समजत होते की दोष एकट्या माझ्या माथी आहे. आज कळलं, तीही तोच दोष आपल्या माथ्यावर घेऊन फिरते आहे.

अमरने बोलावलेली गाडी दारात आली, तशा विमलताई तरातरा मागे आल्या आणि त्यांनी मलाच उचललं. "डाक्टरीनले दाखवतोच, काय ठेवत होती पोटावर ते!" असं म्हणून मला पिशवीत कोंबलं. मित्रांनो, आरोपीला कोर्टात नेतात ना, तशी मी यवतमाळला गेले.

दवाखान्यात विमलताईंनी मला सरळ टेबलावर ठेवलं. डॉक्टर मॅडम माझ्याकडे पाहतच राहिल्या.

"पाहा मॅडम, हे! हे ठेवते पोटावर. सांगा तिले तुमीच!"

मॅडमनी अपेक्षाला पलंगावर झोपवलं आणि पोट तपासलं. तिच्या ओटीपोटावर तपकिरी जाळीसारखे डाग होते. अपेक्षा ते साडीखाली लपवायची.

"हे शेकल्याचे डाग आहेत," मॅडम म्हणाल्या. "एकदोन वेळा शेकून असे पडत नाहीत. कधीपासून शेकतेस?"

अपेक्षाने सासूकडे पाहिलं. तिच्या वतीने विमलताईच तणतणल्या, "कवापासून काय इचारता! आंदणात घेऊन आल्ती हे इट. साऱ्या बाया हासल्या माह्या अंगणात."

"म्हणजे लग्नाच्या आधीपासून दुखत होतं," मॅडम शांतपणे म्हणाल्या.

विमलताईंनी वळून सुनेकडे पाहिलं.

"आता तुम्ही थोडा वेळ बाहेर बसा, ताई. मला पेशंटशी एकटीशी बोलायचं आहे."

विमलताई उठल्या. गडबडीत मला टेबलावरच विसरल्या.

दार लागलं आणि अपेक्षाला रडू फुटलं. मग तिने सगळं सांगितलं. भरती, तो गर्भपात, नंतरचं गेलेलं बाळ. "मी पाडलं, मॅडम. म्हनून दुसरं गेलं. हेही जाईन काय?"

मॅडमनी तिच्यासमोर खुर्ची ओढली. "नीट ऐक. तुझं दुखणं एंडोमेट्रिओसिसचं असावं, सोनोग्राफीत पाहू. गर्भाशयाच्या आत असतं तसं अस्तर बाहेर, अंडाशयावर, आजूबाजूला वाढतं. दर महिन्याला तिथेही रक्त येतं, पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. म्हणून इतकं दुखतं. हे तुला शाळेपासून आहे. गर्भपाताने हा आजार होत नाही. तू नीट दवाखान्यात करून घेतलास, त्यामुळे पुढचं बाळ गेलं असंही नाही."

"मंग काहून गेलं?"

"या आजारात मूल राहायला वेळ लागू शकतो, आणि गर्भ आपोआप पडण्याचं प्रमाणही थोडं जास्त दिसतं. पण पुष्कळ जणींना मुलं होतात. पुष्कळदा नेमकं कारण आम्हालाही सांगता येत नाही. पण तू केलेल्या कशामुळे ते गेलं नाही."

मग त्यांनी माझ्यावर हात ठेवला. "आणि हिच्यामुळेही नाही. आता गरोदरपणात मात्र हिला पोटावर ठेवू नकोस. शेकून थोडं बरं वाटत गेलं आणि तपासायचं इतकी वर्षं राहून गेलं, एवढंच."

माझ्या आत इतके दिवस जे धुमसत होतं, ते तिथे विझलं. मला रडता आलं असतं तर मी रडले असते.

सोनोग्राफीसाठी तिला आतल्या खोलीत नेलं. तो वेळ मला भट्टीपेक्षा कठीण गेला. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण ती म्हणाली, "ठोके हायेत." अंडाशयावर जुन्या रक्ताची गाठही दिसली होती. मॅडमनी काही वचन दिलं नाही. औषध दिलं, लवकर पुन्हा बोलावलं. बाळ झालं की हा आजार आपोआप बरा होतो असं लोक सांगतात, त्यावर विसंबू नकोस, नंतर इलाज करायचाच, असंही बजावलं.

निघताना अपेक्षाने मला टेबलावरून उचलून आणलं. दवाखान्याबाहेर अमरने चहा आणला. अपेक्षाने कप हातात घेतला नाही.

"आई, तुमाले एक सांगाचं हाये. लगन झालं त्या वर्षी मले दिवस गेलते. मी पाडलं."

"आमी दोघांनी ठरवलं होतं," अमर पटकन म्हणाला. "एकटीवर घेऊ नोको, आई."

मॅडमनी समजावलेलं अपेक्षाने तिथेच सगळं सांगितलं, कुठे अडखळत, कुठे पुन्हा मागे येत. विमलताई मला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. चहावर साय धरली तरी त्यांनी तो प्यायला नाही. गावापर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. घरी आल्यावरही नाही. ताट वाढायच्या, पाणी द्यायच्या, पण नजर द्यायच्या नाहीत. अपेक्षाने ट्रंक उघडून साड्यांच्या घड्या करायला घेतल्या. ही माहेरी निघाली की तिला पाठवलं जाणार आहे?

आणि मग शेजारच्या सुखीबाई आल्या. विमलताई ओसरीवर तूर निवडत होत्या. मी दाराला टेकण होते. आत अपेक्षा झोपून होती, पण जागी होती.

"विमल, तुही सून अजून झोपूनच?" सुखीबाईंनी आवाज चढवला. "पयलंही गेलं तिचं. मले तं वाट्टे, काही पाडलं असन तिनं. उगाच नाही होत असं."

आत खाट करकरली. अपेक्षा उठून बसली असावी.

विमलताईंचा हात सुपात थांबला. "पाडलं असन नाही तं नसन, सुखीबाई. त्याचा अन् याचा काही संबंध नाही. बिमारी हाये ते, माह्या घरी याच्या आंधीपासूनची. मी सोता मॅडमच्या तोंडून ऐकलं. माह्या सुनेबद्दल पुन्हा असं बोलाचं नाही."

सुखीबाई उठून गेल्या. मित्रांनो, गर्भपाताबद्दल विमलताईंनी मॅडमच्या तोंडून काहीच ऐकलं नव्हतं. तेव्हा त्या दाराबाहेर बसल्या होत्या. त्यांनी फक्त सुनेच्या तोंडून ऐकलं होतं.

बाळ राहील की नाही, ते मला सांगता येत नाही. रोज सकाळी अपेक्षा न्हाणीतून बाहेर येते, तेव्हा आम्ही सगळे तिच्या चेहऱ्याकडे पाहतो आणि विमलताई सगळ्यांच्या आधी पाहतात. पुढच्या तपासणीला त्याच सोबत जाणार आहेत. "मॅडमले जे सांगाचं ते सांग, मी बाहेर बसतो," असं त्यांनी कालच सांगून टाकलं.

माझं म्हणणं एवढंच आहे, मित्रांनो. तुमच्या घरात कुणी ताई, कुणी आई दर महिन्याला पोट धरून जमिनीवर आडवी होत असेल, तर तिला जरूर शेक द्या. पण शेक देऊन तेवढ्यावर थांबू नका, तिला दवाखान्यात न्या. कुणाचं बाळ गेलं तर तिच्याकडे बोट दाखवू नका. तिला विचारा, आणि ती सांगेल ते खरं माना.