आठवा आक्षेप

दातवालीला दादावर सूड उगवायचा होता, आणि ते तिने कुणापासून लपवलं नव्हतं. प्रचाराच्या कचेरीत पहिल्या दिवशी वकीलीणबाईंनी प्रत्येकाला विचारलं, तुम्ही का आलात. बाकीच्यांनी समता, न्याय, पुढची पिढी असं काय काय सांगितलं. ही म्हणाली, मला एका माणसाचं नाक कापायचंय. वकीलीणबाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि वहीत ‘न्याय’ असं लिहून घेतलं.

दातवाली म्हणजे कवळ्या करणारी. दंतवैद्य तोंडाचं माप घेऊन साचा पाठवत, आणि ही आपल्या दोन खोल्यांत बसून त्यावर आधी मेण, मग गुलाबी हिरड्या आणि दात चढवी. गावातली निम्मी म्हातारी माणसं तिच्या हातच्या दातांनी जेवत, आणि निम्मं गाव तिला नावं ठेवी, कारण ती अठरा वर्षं एका बाईबरोबर संसार करत होती. काही जण दोन्ही कामं एकाच तोंडाने करत.

ती दुसरी बाई तलावावर पोहायला शिकवायची. ऐन उमेदीत सूर मारताना काठावर आपटून तिचे पुढचे चार दात गेले. रंग जुळवायला म्हणून दंतवैद्याने तिला दातवालीकडे पाठवलं. दुपारभराचं काम, पण पोहणारी चार वेळा आली. दर वेळी म्हणायची, रंग अजून जुळत नाही. पाचव्या वेळी पिशवी घेऊनच आली.

दादा हा पोहणारीचा थोरला भाऊ, निवृत्त मुख्याध्यापक. गाव त्याला सर म्हणे. दातवाली मात्र पोहणारीसारखं दादाच म्हणायची, आणि तोही सणावाराला नसला तरी आजारपणाला घरी यायचा. चार वर्षांपूर्वी त्याची वरची कवळी तिनेच केली होती. मग आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी पोहणारीच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. उजवं अंग लुळं पडलं, बोलणं गेल्यात जमा झालं. दवाखान्यात सख्खा नातेवाईक कोण, असं विचारलं तेव्हा दादा पुढे झाला. सह्या त्याने केल्या आणि बहिणीला गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात ठेवलं. तिथे रुग्णाला कोण कोण भेटणार याची यादी नातेवाईक देतो. त्या यादीत दातवालीचं नाव नव्हतं.

तिने तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा दादा म्हणाला, ती आता आमच्या घरची जबाबदारी आहे, तुम्ही आपापलं बघा. तरी दातवाली दर शनिवारी जायचीच. टेबलामागची बाई यादीवरून बोट फिरवायची आणि मान हलवायची. बाई मनाने वाईट नव्हती. एकदा तिने यादीत नाव घालायचा कोरा अर्जसुद्धा काढून दिला, पण त्याच्यावर सही दादाचीच लागत होती. अर्ज पर्समध्ये पडून चुरगळला. घरी येऊन दातवाली भिंतीशी बोलत बसे, आणि ते बोलणं सभ्य नसे.

अशातच सरकारने लोकांचा कौल मागितला. दोन बायांना किंवा दोन पुरुषांना आपसात लग्न करता यावं की नाही, हे मतदानाने ठरणार होतं. विरोध करणाऱ्यांनी गावात आपला वक्ता म्हणून दादाला पुढे केलं. ते कळलं त्याच संध्याकाळी दातवाली प्रचाराच्या कचेरीचा जिना चढली.

कचेरी सायकलच्या दुकानावर होती. भिंतीवर विरोधकांचे अकरा आक्षेप लावले होते आणि प्रत्येकाखाली उत्तर. रोज एकाने विरोधक व्हायचं, बाकीच्यांनी त्याला गोडीगुलाबीने उत्तरं द्यायची, अशी तालीम चाले. हे निसर्गाविरुद्ध आहे, या पहिल्या आक्षेपाला दातवाली म्हणायची, आधी तोंडातले दात काढून टेबलावर ठेवा, मग निसर्गाचं बोलू. मुलांवर काय परिणाम होईल, याला म्हणायची, तुमची तिन्ही मुलं आमच्या मदतीशिवाय बिघडली. वकीलीणबाई डोळे मिटून घेत आणि शांतपणे सांगत की मतं मागायला चाललोय, भांडायला नाही.

पण आठव्या आक्षेपाशी सगळ्यांचीच गाडी अडायची. तो सभ्य माणसांचा आक्षेप होता. कुणी अडवलंय तुम्हाला? खुशाल एकत्र राहा, एकमेकींना भेटा, त्यासाठी लग्न कशाला आणि कायदा कशाला? याचं उत्तर दीड पान होतं, त्यात वारसा होता, विमा होता, आणि ते ऐकताना लोकांना जांभया येत. घरोघरी प्रचाराला गेलं की या आक्षेपावर दारं आपटली जात नसत, हळूच बंद होत. वर्तमानपत्रात दादाने लिहिलं होतं तेही हेच, शुद्ध आणि गोड भाषेत. ते कात्रण दातवालीने कामाच्या टेबलावर चिकटवून ठेवलं होतं, राग थंड होऊ नये म्हणून.

जाहीर वादसभा शुक्रवारी होती. बुधवारी दंतवैद्याकडून एक डबी आली. आत मधोमध तडकलेली वरची कवळी, सोबत नुसता क्रमांक आणि ‘तातडीचे’ अशी चिठ्ठी. आपल्या हातचं काम माणूस अंधारातही ओळखतो. डावा सुळा किंचित तिरपा होता. दादानेच तो तसा मागून घेतला होता, खरा वाटावा म्हणून.

दातवाली बराच वेळ ती कवळी हातात घेऊन बसली. वरची कवळी टाळूला धरून राहते ती मागच्या कडेच्या जोरावर. ती कड केसभर घासली की आत हवा शिरते. घरी घोट-दोन घोट चहा घेताना काही कळत नाही, पण भरसभेत मोठ्याने बोलायला लागलं की कवळी सुटते आणि बोलणाऱ्याच्या जिभेवर येऊन बसते. तिने घासायचं चाक सुरू केलं. डोळ्यांसमोर चारशे माणसं, व्यासपीठावर दादा आणि त्याच्या हातात त्याचे दात. आठ महिन्यांत पहिल्यांदा ती खळखळून हसली.

मग तिने चाक बंद केलं. यात चांगुलपणाचा काही भाग नव्हता, हे स्वच्छ सांगायला हवं. दात पडले तर लोक म्हणतील, बिचारे सर. कीव आली की मतं येतात. शिवाय आठवा आक्षेप अर्धवट राहील, आणि तिला तर तो पुरा हवा होता, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असा. तिने तड जोडली, कड नव्याने भरली आणि दोन तास झिलई केली. चार वर्षांपूर्वीही ती कवळी इतकी चांगली बसली नसेल.

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. दादा वीस मिनिटं बोलला आणि एक शब्द अडखळला नाही. घर, परंपरा, मुलं असं करत तो शेवटी आठव्यावर आला.

“माझ्या घरचंच उदाहरण देतो,” तो म्हणाला. “माझ्या आजारी बहिणीलाही एक मैत्रीण आहे. आम्ही कधी कुणाला अडवलं नाही. मायेला कायदा लागत नाही.”

टाळ्या पडल्या. आता प्रश्न विचारायची वेळ होती. वकीलीणबाई दीड पानाचा कागद घेऊन उठत होत्या, तोवर दातवालीने माईक मागून घेतला. घरगुती गोष्टी काढायच्या नाहीत असं तिला दहादा बजावलं होतं.

“दादा,” ती म्हणाली, “अडवलं नाही, तर भेटायच्या यादीत माझं नाव का नाही?”

 दादा मुख्याध्यापकासारखा हसला. राहून गेलं असेल, म्हणाला.

“मग आत्ता घाला.” तिने व्यासपीठापाशी जाऊन पर्समधला तो चुरगळलेला अर्ज पुढे केला.

खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला त्याचा नकार हवा होता. नाही म्हटला तर सगळ्यांदेखत तोंडावर आपटणार होता, आणि त्यासाठी पोहणारी आणखी काही दिवस दाराआड राहिली तरी चालेल, इतका तिला तो नकार हवा होता. हे तिचं तिला कळलं आणि लाज वाटली, पण हात तिने मागे घेतला नाही.

दादा काही दुधखुळा नव्हता. त्याने अर्ज घेतला, खिशातलं पेन काढलं आणि सही केली. मग माईक जवळ ओढला. पाहिलंत ना, साधं विचारलं असतं तरी झालं असतं, कायदा लागला का, असं तो म्हणाला आणि लोक हसून टाळ्या वाजवायला लागले. वकीलीणबाईंनी कपाळाला हात लावला. दातवालीचं नाव यादीत आलं होतं आणि सभा दादाने मारली होती.

तिने माईक सोडला नाही. टाळ्या थांबेपर्यंत उभी राहिली.

“नाही लागला, खरंय,” ती म्हणाली. “आठ महिने दर शनिवारी विचारलं. तुम्हाला फोन करून तीनदा विचारलं, तेव्हा आपापलं बघा म्हणालात. आज चारशे माणसं बघत होती म्हणून सही झाली. आणि ही सहीसुद्धा महिनाअखेरपर्यंतच चालते, खाली छापलंय. म्हणजे एक तारखेला मी परत चारशे माणसं गोळा करायची. ज्यांना एवढी माणसं जमवता येत नाहीत, त्यांनी काय करायचं, दादा?”

या वेळी टाळ्या नाहीत.  दादाने पाण्याचा पेला उचलला. पहिल्या रांगेत त्याच्या शाळेतल्या जुन्या शिक्षिका बसल्या होत्या. त्यांच्याकडे त्याने पाहिलं तेव्हा त्यांनी नजर खाली वळवली. दातवालीने ते सगळं डोळे भरून पाहून घेतलं. सूड गोड लागतो म्हणतात, ते खोटं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलामागच्या बाईने यादीवरून बोट फिरवलं आणि पहिल्यांदाच ते थांबलं. खोलीत पोहणारी खिडकीशी बसली होती. तिचे केस कुणीतरी बारीक कापले होते. दोघी आधी नुसत्या रडल्या. मग दातवालीच्या लक्षात आलं की तिचा वरचा ओठ आत गेलाय.

“दात कुठेत तुझे?”

पोहणारीने डाव्या हाताने कपाटाकडे दाखवलं. खणात, मोज्यांच्या खाली, कागदाच्या रुमालात गुंडाळलेली ती चार दातांची पट्टी होती, खडखडीत कोरडी. तिला दाखल केलं त्या दिवशी कुणीतरी काढून ठेवली असणार. ती पाण्यात ठेवायची असते हे सांगणारं त्या दिवशी तिथे कुणी नव्हतं. सांगणारी बाहेर टेबलाशी उभी होती. दातवालीने पट्टी लावून पाहिली. वाकडी झाली होती, बसेना. परिचारिका म्हणाली, यांना सगळं पातळ करूनच भरवतो, आणि बोलत तर त्या नाहीतच, मग दात लागतात कशाला.

बोलत नाहीत. जीभ जड झाली होती हे खरं, पण पुढचे चार दात नसताना धडधाकट माणसाचं तरी बोलणं कुणाला कळतं? आठ महिने ती काहीतरी म्हणत होती आणि सगळ्यांनी आजाराच्या नावावर ढकललं होतं. ज्या भावाने ते ढकललं त्याच्या दातांना हिने बुधवारीच दोन तास झिलई केली होती.

येताना तिने ठरवलं होतं, दादाचं फार बोलायचं नाही. कसाही असला तरी हिचा भाऊ. आता तिने काहीच हातचं राखलं नाही. यादी, फोन, सभा, त्याचा तो पाण्याचा पेला, सगळं सांगितलं. मतदान पुढच्या रविवारी आहे, म्हणाली. वकीलीणबाईंचं म्हणणं, आता गप्प बसावं, माणूस आधीच पडलाय, थोरपणा दाखवावा.

“तुझा भाऊ आहे,” दातवाली म्हणाली. “तू म्हणशील तसं.”

पोहणारीने डाव्या हाताने दातवालीचं मनगट धरलं. मग ती बोलली. दातवालीला कळलं नाही. परत बोलली, तेही हवेतच गेलं. दातवाली उठली, खुर्ची सरकवली आणि कान तिच्या ओठांपाशी नेला.

“सोडू नकोस त्याला,” पोहणारी म्हणत होती.