वाळ्याची काडी

कांचघर वस्तीतल्या क्वार्टरांत हेमलता आणि शकु यांच्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत होती. वीस वर्षांपूर्वी कजलियांच्या सणाला दोघींनी एकमेकींच्या कानामागे गव्हाचे पिवळे अंकुर खोचले, नि तेव्हापासून त्या बहिणी झाल्या.

हेमलताच्या बैठकीत काचेची टाकी होती, तीत पाच सोनेरी मासोळ्या. तळातला छोटा पंप पाणी ओढायचा नि वर फवाऱ्यासारखं सोडायचा. त्या पडत्या पाण्यातून मासोळ्यांना वारा मिळायचा. लाइट गेली की हेमलता लोटा घेऊन बसायची. टाकीतलंच पाणी हातभर उंचीवरून पुन्हा टाकीत, धार मोडत, लाइट येईस्तोवर. ओठांवर आपसूक ओवी यायची:

उंच धर लोटा बाई, पाणी वाऱ्याला भेटू दे
मुकी लेकरं काचेत, त्यांना श्वास गं घेऊ दे

मे महिन्यात भाचीच्या लग्नाला तीन दिवस सिहोऱ्याला जायचं निघालं.

"पंप बंद करजो नको हं, शकु. अन् लाइट गेली तर..."

"लोटा, हातभर उंच. अवं, पाठ झालं मले! तू जा, पोटभर जेव."

परत आली तर टाकीत पाणी चांगलं उसळत होतं, पण मासोळी एकही नव्हती. दारात शकु पदराने डोळे पुसत उभी.

"दोन दिवस लाइटच नव्हती, हेमा. खांदा गळेस्तोवर धार धरली. नर्मदा मैयाची शपथ! पाचही गेल्या वं. मीच पुरल्या, तुळशीमागं."

हेमलताला रडू आलं, पण आधी तिने खोबरेल तेल कोमट केलं. शकुला पाटावर बसवून तिचा उजवा खांदा अर्धा तास चोळून दिला. शकु डोळे मिटून चोळून घेत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी टाकी रिकामी करताना हेमलताने पंप हातात घेतला. त्याच्या जाळीत तपकिरी काड्या अडकल्या होत्या. नाकाशी नेल्या. वाळा! कुलरच्या ताटीतला. कुलरलाही ताट्या भिजवायला असाच पंप लागतो. हेमलताच्या घरी तर कुलरच नव्हता.

ती ओल्या हातानेच भिंतीपाशी गेली. पलीकडे शकुचा कुलर नुसता गरम वारा फेकत होता, ताट्या कोरड्या ठणठणीत. आत जावईबापू बनियनवर, वर्तमानपत्राने वारा घेत बसलेले.

"शकु."

शकुने तिच्या हातातला पंप पाहिला, नि अंगणात येत मागचं दार ओढून घेतलं.

"हळू बोल ना! जावई आले, अन् आमचा पंप त्याच दिवशी जळला. पहिल्यांदा राहायला आले वं ते. काय करती मी?"

"लाइट गेलीच नव्हती?"

शकु पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

"मग शपथ काहून घेतली?"

"चलो, झालं ते झालं. मासोळ्याच तर होत्या. बाजारात ढीगभर भेटतात."

"काल मी तुझा खांदा चोळत होती, तेव्हा तरी बोलायचं होतंस. मी विचारून राहिली, इथं दुखते का, तिथं दुखते का, अन् तू सांगून राहिली, थोडं खाली."

शकुने मान फिरवली. आतून जावयाचा आवाज आला, "मम्मीजी, बहुत गर्मी है।"

हेमलताने पंप भिंतीवर ठेवला.

"ने. ते घामाघूम होऊन राहिले."

तिला वाटलं, आता तरी शकु म्हणेल, नको. हात जोडेल, निदान रडेल.

शकुने इकडेतिकडे पाहिलं, पंप पदराखाली घेतला नि लगबगीने आत गेली.