काठाचा माणूस

वाढल्या पानावरून उठू नये, हे तुळसाने दोन्ही मुलांना बोलता यायच्या आधी शिकवलं होतं. आणि आज प्रितेश उठला. तेही थोरल्या भावाच्या, बाबलीच्या, वर्षश्राद्धाच्या पानावरून. वडा अर्धा मोडलेला, काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याला नुसतं बोट लागलेलं, खीर तशीच. मळ्यातल्या फुटबॉलच्या मैदानावरच्या भोंग्याने त्याचं नाव पुकारलं आणि हा हात धुवायला उठला.

"गोंयच्या क्लबात पानार बसाक शिकवणत नाय वाटता," तुळसा चुलीकडे तोंड करून सुनेला म्हणाली. "भटजी अजून घराच्या वाटेर आसा, आणि ह्यो बूट घालून चललो. भावाचा श्राद्ध म्हणजे काय शाळेची मधली सुट्टी?"

शेवंतीने, बाबलीच्या बायकोने, ते पान उचललं नाही. दुसरं पान आणून त्यावर पालथं घातलं आणि वर पाण्याचा तांब्या ठेवला.

"तेका घास उतरणा नसात, आये."

"तू सगळ्यांकच पोटात घाल. माझी काठी दी हडे. कानाक धरून हाडतंय तेका."

काठी घेऊन ती निघाली खरी, पण मळ्याच्या बांधावर येईपर्यंत कान धरायचा जोर पायांतच संपला. भात कापून थोडेच दिवस झाले होते. जमीन चोपून, बांबूचे खांब रोवून, चुन्याच्या रेघा मारून पोरांनी दर वर्षीसारखं मैदान केलं होतं. यंदा बांबूंच्या मध्ये एक फलकही होता. त्यावर बाबलीचा फोटो. मतदानाच्या कार्डावरचा काढून मोठा केलेला, त्यामुळे माणूस ओळखू येत होता पण चेहरा धुक्यातला. जिवंतपणी त्याचं नाव भोंग्यावर फार तर एकदोनदा आलं असेल. आज त्याच्या नावाने ढाल होती.

तुळसा नेहमीच्या माडाखाली बसली. मुलं खेळायला लागल्यापासून ती इथेच बसत आली होती, मासळीचा बाजार उठल्यावर रिकामी पाटी उपडी घालून, तिच्यावर.

गावाचा खेळ सात-सात जणांचा. पाठीला दोघेच. डावीकडे बाबली, उजवीकडे प्रितेश. शाळेत खेळ शिकवणारा निलेश मास्तर त्यांना फुलबॅक म्हणायचा. तुळसाने तो शब्द कधी तोंडात घेतला नाही. ती म्हणायची पाठचे. त्यावरून गावात चेष्टाही चाले, कारण जन्माने पाठचा भाऊ म्हणजे प्रितेश, आणि खेळात पाठी राहायचा तो बाबली. प्रितेश नावाचाच पाठचा. बॉल मिळाला की उजव्या कडेने असा सुटायचा की समोरच्या गोलपाशी जाऊनच थांबायचा. जाताना एकदा ओरडायचा, "आसस?" आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडून बाबली म्हणायचा, "आसंय." आहेस का, आहे, एवढंच. मग बाबली डावीकडून मध्ये सरकायचा आणि दोघांची जागा एकटा बघायचा.

हे बोलणं त्यांनी मैदानावर शोधलं नव्हतं. ते रापणीवरचं. रापण म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं. ती ओढतात तेव्हा दोराचं एक टोक काठावरच्या माणसांच्या हातात असतं आणि दुसरं टोक घेऊन होडी जाळं सोडत दर्यात जाते, वळसा घेऊन परत काठाला येते. होडी सुटताना तिचा म्होरक्या, तांडेल, काठाकडे हाक टाकतो, "आसस रे?" दोराला पहिला हात असलेला माणूस म्हणतो, "आसंय." त्याचा आवाज आल्याशिवाय वल्हं पाण्यात पडत नाही. काठाचा माणूस ढिला पडला तर गेलेल्या होडीला अर्थ नाही, जाळं नुसतं पसरून राहतं. बाप गेल्यापासून त्या घराचा पहिला हात बाबलीचा होता. प्रितेश लहानपणापासून होडीत उडी मारून बसणारा.

निलेश मास्तराचं आणि तुळसाचं यावरून एकदा वाजलं होतं.

"काकी, आताच्या फुटबॉलात फुलबॅकान नुसता पाठी उभ्या रवान चलणा नाय," मास्तर तिला समजावत होता. "तेणी वर जावक व्हया, बॉल आत घालूक व्हयो. सगळ्या जगात आता असाच खेळतत. प्रितेश तसो आसा. बाबली आपलो जुन्या वळणाचो, राखणदार."

"आणि दोघांवय वर गेले मगे? खाली काय तुझी बायको रवतली?"

बांधावरची माणसं हसली होती. मास्तरही हसला. पण गोव्याच्या क्लबची माणसं आली तेव्हा त्यांनी प्रितेशलाच नेलं. त्यात चूक कोणाची नव्हती. पुढे गेलेला दिसतो. न झालेला गोल कोणी पाहिलेला नसतो. त्यांच्यातल्या एकाने तर मास्तरला सांगितलं, की पोरगा पळताना मागे बघतसुद्धा नाही, हेच त्याचं मोठं बळ. तुळसा ते ऐकून छाती फुगवून घरी आली होती. बाबलीने त्या रात्री भावाची बॅग भरून दिली.

मागच्या वर्षी भातकापणीला बाबली दुसऱ्यांच्या मळ्यात मजुरीला जात होता. ताप आला. दोन दिवस गोळी खाऊन काढले, तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे झाले. डॉक्टर म्हणाले लेप्टो, शेतातल्या पाण्यातून येणारा ताप. दवाखान्यात तुळसानेच फोन त्याच्या कानाशी धरला होता. पलीकडे प्रितेश. त्याचा दुसऱ्या दिवशी मोठा सामना होता आणि मागे पोरांचा गोंगाट चालला होता. तो घाईत म्हणाला, "दादा, आसस?"

बाबलीने ओठ ओले केले आणि म्हणाला, "आसंय. तू खेळ."

प्रितेश दुसऱ्या दिवशी खेळला. जिंकला. मग त्याला कळलं.

तेव्हापासून रापणीच्या दोरावर पहिल्या हाताची जागा मोकळी होती. गावची रीतच तशी. दोराचा माणूस गेला की वर्षभर त्याच्या जागी कोणी हात लावत नाही, मागची माणसं तेवढं अंतर सोडून उभी राहतात. तांडेलही हाक टाकत नाही, होडी मुकाट्याने सुटते. वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या सकाळी मात्र तो पुन्हा हाक देतो. घरचा कोणी "आसंय" म्हणाला तर जागा आणि मासळीतला वाटा घराचाच. नाहीतर दोरावरचा दुसरा कोणी ओ देतो, आणि जागा त्याची होते. ती सकाळ उद्याची होती. प्रितेशची बसही उद्याच होती.

शिट्टी झाली तेव्हा तुळसाने कपाळावर हात धरून पाहिलं आणि तिला मुलगा सापडेना. उजवीकडे शिवा उभा होता, रापणीवर बाबलीच्या मागे दोर धरणारा तरणा गडी. प्रितेश डाव्या कोपऱ्यात होता. बाबलीच्या जागेवर.

"काकी, तेणीच मागून घेतल्यान ती जागा," मास्तर भोंग्याचा माईक बाजूला धरून म्हणाला. "म्हणालो, आज मी दादाचो खेळ खेळतंय."

"खेळ खेळतंय," तुळसा म्हणाली. "डगलो घातलो म्हणान कोण भटजी होता?"

तिला दोन घटकांत कळलं. बाबली उभा राहायचा तेव्हा त्याच्या टाचा मातीत असायच्या. समोरचा कितीही नाचला तरी हा जागचा हलायचा नाही, शेवटच्या क्षणी नुसता पाय पुढे करायचा, दारातली कोंबडी हाकलावी तसा. प्रितेशच्या टाचा वर होत्या. समोरून बॉल आला की तो त्याच्यावर धावून जायचा, आणि तो गडी बगल देऊन मोकळ्या जागेत. मध्यांतराआधीच त्याच्या कोपऱ्यातून गोल झाला. आणि उजवी कडा, जिच्यावर एवढं नाव कमावलं, ती दुपारच्या बाजारासारखी ओस. शिवा बिचारा अर्ध्या रेघेपर्यंत जायचा आणि गाय गोठ्याकडे वळावी तसा परत यायचा.

मध्यांतरात मास्तरने दोघांच्या जागा बदलल्या. प्रितेश बुटाची नाडी बांधत राहिला. पाणीही प्यायला नाही.

मग तो आपल्या कडेला आला आणि मैदान जागं झालं. बॉल मिळाला तसा सुटला. एकाला टाकलं, दुसऱ्याला टाकलं. बांधावरची पोरं उठून उभी राहिली, मास्तर भोंग्यावर ओरडायला लागला. अर्धी रेघ ओलांडताना प्रितेशच्या तोंडून सवयीने निघालं,

"आसस?"

बाबलीच्या जागेवर शिवा उभा होता. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याने म्हणायचा तो शब्द नव्हता.

प्रितेश पुढे दोन पावलं गेला आणि थांबला. बॉल पायाशी होता, समोर मोकळी वाट होती. त्याने मान वळवून मागे पाहिलं. एवढ्या वर्षांत तुळसाने त्याला मैदानावर मागे बघताना पहिल्यांदा पाहिलं. तो नुसता बघत राहिला, डाव्या कोपऱ्याकडे. कोणीतरी येऊन त्याच्या पायातून बॉल काढून नेला. गोल झाला तेव्हाही तो तिकडेच बघत होता. भोंगा बंद झाला होता. गोल करणाऱ्यांनीही ओरडा केला नाही.

सामना संपल्यावर तो आईजवळ येऊन बसला. बूट सोडले नाहीत.

"आये, मी परत जाणय नाय."

तुळसा काठीने धसकटं उकरत राहिली.

"उद्या सकाळी दोर मी धरतंय. दादाची जागा आपल्याच घरात रवांदे."

"आधी घराक चल," ती म्हणाली. "वैनीन तुझा पान झाकून ठेवल्यान हा."

तो पान उघडून सगळं जेवला, थंड वडा, थंड सांबारा, खीर. शेवंती समोर बसून वाढत होती.  पण तुळसाला कळत होतं, की तो भुकेने जेवत नाहीये, फेडल्यासारखा जेवतोय.

पहाटे तो बाबलीची अर्धी चड्डी घालून काठावर आला. कमरेला सैल होत होती, ती त्याने सुतळीने बांधली होती. रापणीची माणसं दोराला उभी होती, पहिली जागा सोडून. प्रितेश त्या जागेत जाऊन उभा राहिला आणि त्याने दोराला हात घातला. शिवा त्याच्या मागे. तुळसा आणि शेवंती पाट्या घेऊन ओल्या वाळूच्या वर बसल्या होत्या. रापणीची सगळी माणसं बघत नसल्यासारखं दाखवून तुळसाकडेच बघत होती.

होडी पाण्यात लोटली. सत्यवान तांडेल उभा राहिला. वर्षभर न टाकलेली हाक टाकताना त्याचा आवाज जरा फाटला.

"आसस रे?"

लाट आली आणि गेली. प्रितेशने तोंड उघडलं. आवाज आला नाही. तुळसा त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हती, पायांकडे बघत होती. टाचा वर होत्या. होडी लाटेवर उचलली गेली की त्याचे गुडघे तिच्याबरोबर उचलत होते. पाण्याकडे दोन पावलं तो सरकलाही होता, त्याला स्वतःला कळलं नव्हतं. दोर त्याच्या हातात सैल पडला होता.

"आसस रे?" सत्यवानाने पुन्हा विचारलं. होडीत पाच माणसं खोळंबली होती.

तुळसा उठली. पदर खोचला, काठी न घेता दोरापर्यंत चालत आली. प्रितेशच्या हातातून तिने दोर काढून घेतला, लहान मुलाच्या हातातून सुरी काढून घ्यावी तसा, आणि मागे वळून शिवाकडे धरला.

शिवाने तिच्याकडे पाहिलं. "काकी, तुमचो वाटो जातलो."

"माका ठाव आसा काय जाता ता. धर."

शिवा एक पाऊल पुढे आला. त्याने दोर कमरेमागून घेतला आणि वाळूत टाचा रोवल्या.

"आसंय," तो म्हणाला.

वल्हं पाण्यात पडलं. मागची माणसं एकेक पाऊल पुढे सरकली आणि वर्षभराची मोकळी जागा भरून गेली. शेवंतीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि रिकामी पाटी मांडीवर घेतली.

प्रितेश हात तसेच पुढे धरून उभा होता. तुळसाने त्याच्या कमरेची सुतळी घट्ट केली, जरा जास्तच घट्ट, आणि दर्याकडे बघत त्याला म्हणाली,

"जा तू, बस चुकात. पुढे जाणारो पुढेच बरो. तू पाठी रवलंस तर तुझीय जागा रिकामी आणि तेचीय. पुढे गेलंस म्हणान माझो राग नाय. पानावरसून उठलंस, तेचोय नाय. राग एकच. दर वेळी तू तेका इचारलंस. वळान बघूक नाय कधी."