मालकाने घरात थांबू नये

घर विकताना तपासणीच्या दिवशी मालकाने घरात थांबू नये, असा एजंटचा नियम होता. मालक घरात असला की प्रत्येक भेगेची बाजू घेतो आणि गिऱ्हाईक बिथरतं. म्हणून त्याने घराचे मालक असलेल्या काका-काकूंना खाली बागेतल्या बाकावर नेऊन बसवलं.

"तासाभराचं काम. तोवर निवांत गप्पा मारा."

"लग्नाला चाळीस वर्षं झाली," काकू म्हणाल्या. "आता कसल्या गप्पा?"

घरातली बहुतेक दुरुस्ती काकांनी स्वतः केलेली. न्हाणीघराच्या फरशा, माळा, स्वयंपाकघरातली खिडकीसुद्धा. हौस दांडगी, हात जेमतेम, असं काकूंचं मत होतं आणि ते त्यांनी कधी मनात ठेवलं नव्हतं.

वर तपासणीचा इंजिनिअर भिंतींवर टिचक्या मारत फिरत होता. मागोमाग घर घेणारं जोडपं, चेहरे पाडून. अशा वेळची एजंटची रीत ठरलेली होती. दोष झाकायचा नाही, उलट इंजिनिअरच्या दोन पावलं पुढे जाऊन कबूल करायचा. एजंटच नावं ठेवतोय म्हटल्यावर गिऱ्हाईकाला घराची दया येते.

"ही खिडकी अडकते," इंजिनिअर म्हणाला.

"अडकणारच! सगळं घरगुती काम आहे हो. म्हाताऱ्याला स्वस्थ बसवत नाही. जिथं हात लावला तिथं वाट लावली. वेळीच कारागीर बोलावला असता तर घर वाचलं असतं."

"इतकं काही वाईट नाहीये," घेणारी बाई म्हणाली. सौदा तिथंच झाला.

एजंट समाधानाने वळला, तर दारात काका. ती खिडकी जरा उचलून मग ढकलायची असते, एवढं सांगायला ते जिने चढून आले होते. ते त्यांनी सांगितलं नाही. "चालू द्या तुमचं," म्हणाले आणि खाली गेले.

घर चांगल्या भावात गेलं. काही महिन्यांनी काकूंनी एजंटला त्यांच्या भाड्याच्या घरी बोलावून घेतलं.

"नळ गळतोय, दाराची कडी निखळलीय, आणि हे ढुंकून बघत नाहीत. पूर्वी नको नको म्हटलं तरी हातोडी घेऊन धावायचे. तुमचं ऐकून असे बसलेत. आता तुम्हीच उठवा."

एजंट काकांसमोर बसला. "काका, ते धंद्यातलं बोलणं होतं. गिऱ्हाईक पटावं म्हणून. तुमचं काम मजबूत होतं. फरशांना तर इंजिनिअरनेही नावं ठेवली नाहीत."

हे खरं होतं. खरं बोलायची सवय नसल्याने असेल, पण त्याच्या तोंडून ते पाठ केल्यासारखं आलं.

काकांनी त्याच्या गुडघ्यावर थोपटलं. "माणूस चांगले आहात तुम्ही. पण माझ्या तोंडावर गोडच बोलणार ना! त्या दिवशी मी तिथं आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, म्हणून खरं बोललात."

मग ते काकूंकडे वळले. "अगं, यांच्या ओळखीत एखादा चांगला प्लंबर असेल. नंबर घेऊन ठेव."

एजंटने नंबर दिला.