बुटांच्या खोक्यातला हाउएव्हर

मी हाउएव्हर बोलतोय. अर्थ विचाराल तर 'तरीसुद्धा', नाहीतर सरळ 'पण'. शब्द इंग्रजी असला तरी अंग पुठ्ठ्याचं आहे. नर्सच्या पांढऱ्या बुटांच्या खोक्याचं झाकण कापून मला केलं, म्हणून माझ्या पाठीवर अजून अर्धा बूट छापलेला आहे.

ते बूट या घरातल्या मुलीचे. परदेशातल्या एका रुग्णालयात तिची निवड झाली होती; इंग्रजीची लेखी परीक्षा तेवढी राहिली होती. त्यात ती दोनदा नापास झाली.

तिचे बाबा छापखान्यात मुद्रितं तपासायचे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलेला माणूस! तिने सरावाचा निबंध पुढे केला, तेव्हा मी कपाटावर झाकण होऊन पडलो होतो आणि सगळं पाहत होतो. चूक त्यांना पहिल्याच पानावर दिसली. दोन पुरी वाक्यं, मध्ये हाउएव्हर आणि त्याच्याआधी नुसता स्वल्पविराम. पानोपानी तेच. त्यांनी लाल पेन्सिल उचलली, खिडकीत वाळणाऱ्या तिच्या युनिफॉर्मकडे पाहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

"छान लिहिलंयस," म्हणाले.

घरात माणसं दोनच. ती गेली की उरणार एक. एवढं गणित पुठ्ठ्यालाही कळतं.

आठ दिवसांनी ती पुस्तकं रद्दीत घालायला निघाली. "तुम्ही म्हणता छान, आणि तिकडे नापास करतात. म्हणजे मीच ढ. आता फॉर्म भरायचाच नाही मला."

बाबांचा चेहरा पडला. "ढ तू नाहीस गं. चूक मला दिसली होती. पहिल्याच दिवशी."

तिने हातातली पुस्तकं टेबलावर ठेवली.

"कात्री आण," ते म्हणाले.

तिने आणली. त्याच झाकणातून मी निघालो, देअरफोर आणि मोअरओव्हर ही माझी भावंडंही निघाली. प्रत्येकाच्या आधी अर्धविराम, नंतर स्वल्पविराम. वाक्यांच्या दोन लांब पट्ट्या झाल्या. एक बाबांच्या हातात, एक तिच्या हातात. मला धरायला तिसरं माणूस नव्हतं, म्हणून चहाच्या कपाला टेकवून उभं केलं.

बाबा वाचायचे, 'वॉर्ड भरला होता'. मग दोन श्वास थांबायचं. मग मी. मग एक श्वास. मग ती वाचायची, 'कुणी तक्रार केली नाही'.

"दोन श्वास कशाला?"

"पहिलं वाक्य पुरं झालंय, पण बोलणं संपलेलं नाही. थांबली नाहीस तर दोन्ही वाक्यं एकमेकांच्या अंगावर पडतात."

"आणि हा वाक्याच्या मध्येच आला तर?"

"मग दोन्हीकडे स्वल्पविराम. पाहुणा आहे बिचारा, अंग चोरून बसतो."

ती पोट धरून हसली. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस ते. रोज सकाळी टेबलावर दोन कप असायचे.

ती पास झाली. बाबांनी टाळ्या वाजवल्या, मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवला. पांढरे बूट घालून ती गेली. भावंडं तिच्या वहीतून गेली. मी कपामागे होतो, राहून गेलो.

आता टेबलावर एकच कप असतो. दर रविवारी फोन येतो.

"बाबा, कसे आहात?"

"मजेत."

"बरं, काळजी घ्या हं. ड्यूटीची वेळ झाली."

फोन बंद झाला की ते मला कपाला टेकवतात आणि माझ्यापुढच्या मोकळ्या जागेकडे बघत बसतात. परवा हळूच म्हणाले, "घर खायला उठतं गं." पण ऐकायला मी एकटाच होतो, आणि मला कुणाला काही सांगता येत नाही. फार एकटं वाटतं मला अशा वेळी. त्यांना तर किती वाटत असेल!

पोरी, तू गेलीस ते चांगलंच केलंस. मला कापल्याचा त्यांना पश्चात्ताप नाही. रोज ते माझ्यावरची धूळ पुसतात. तू एवढंच कर. 'मजेत' ऐकलंस की लगेच 'काळजी घ्या' म्हणू नकोस. त्यांनीच शिकवलंय तुला, दोन श्वास थांब. पुढचं वाक्य त्यांच्या ओठांवर आहे.